कागद पांढरा कसा होतो?

मुलांनो, उर्दूतला ‘काग़ज़’ तोच मराठीतला ‘कागद’. वहीचा कागद पांढरा असला तरी लाकडाचा लगदा लिग्निनमुळे तपकिरी असतो. पूर्वी तो क्लोरीन वायूने पांढरा करत. त्यातून डायॉक्सिनसारखी विषे सांडपाण्याबरोबर नदीत जात. ओझोनमध्ये क्लोरीन नसतो, म्हणून त्याच्यापासून ही विषे बनत नाहीत. ऑक्सिजनमध्ये विजेचा उच्च दाब लावला की ओझोन तयार होतो. तो लिग्निन फोडतो व उरलेल्याचा पुन्हा ऑक्सिजन होतो. मात्र त्याला वीज फार लागते, तो साठवता येत नाही आणि श्वासात गेला तर घातकच! नांदेडची गोदावरी पुढे तेलंगणात भद्राचलमला पोहोचते. तिथे सारपाका येथील कागद कारखान्यात ओझोन वापरतात. खालची गावे हेच पाणी वापरतात.

शब्दार्थ : लगदा – लाकूड शिजवून केलेला मऊ गोळा.