दोन बॅटऱ्या, एक स्विच : जुन्या बोटीवर नेमकं काय कशाला जोडलंय?



१ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा आपण इंजिन उघडतो, रंग काढतो, जाळी शिवतो. केबिनमधला तो लाल गोल स्विच मात्र आहे तसाच राहतो. त्यावर १, २, बोथ आणि ऑफ लिहिलेलं असतं, निम्मी अक्षरं पुसलेली. तो कुठे ठेवायचा हे विचारलं तर प्रत्येक बोटीवर वेगळं उत्तर मिळतं, आणि बहुतेक वेळा "आधीपासून तिथेच आहे" हेच.

दोन सीझनपूर्वी आमच्या बोटीवर झालं ते आधी सांगतो. बोट सेकंडहॅण्ड घेतलेली, १२ व्होल्टची, दोन बॅटऱ्या. बारा वाव पाण्यात रात्री नांगर टाकून झोपलो. पहाटे वारा फिरला आणि नांगर घसरायला लागला. तांडेलने सेल्फ मारला. टक. परत मारला, परत टक. मी विचारलं, "तांडेल, स्विच कुठे होता रात्री?" तो म्हणाला, "दोनवर. मी स्वतः फिरवला." खरंच दोनवरच होता. म्हणजे दिवे, वायरलेस सगळं दोन नंबरच्या बॅटरीवर चाललेलं आणि एक नंबरची इंजिनसाठी राखलेली. तरीही दोन्ही बसल्या होत्या.

व्हीएचएफवर बोलायला बटण दाबलं की सेट बंद पडायचा. २५ वॅटवर बोलताना सेट पाच-सहा अँपिअर ओढतो, तेवढाही दम बॅटरीत नव्हता. मग सेट १ वॅटवर टाकला, तेव्हा जवळच्या एका बोटीपर्यंत आवाज गेला. त्यांनी आपली बॅटरी दिली आणि इंजिन सुरू झालं. तोवर खडक दिसायला लागले होते. एवढंच सांगतो.

जेटीवर आल्यावर पॅनल उघडलं तेव्हा कारण सापडलं. ते पुढे येईलच, आधी मूळ गोष्ट समजून घेऊ.

दोन बॅटऱ्या कशाला?

सेल्फला खूप करंट लागतो, पण क्षणभर. समजा ३०० अँपिअर, १० सेकंद. हिशेब केला तर एक अँपिअर-अवरसुद्धा होत नाही. म्हणजे सेल्फ बॅटरी संपवत नाही. बॅटरी संपवतात ते दिवे, हळूहळू, रात्रभर.

आमचा रात्रीचा हिशेब बघा. डेकवर २० वॅटचे दोन एलईडी, म्हणजे सव्वातीन अँपिअर. केबिनचा दिवा पाऊण, वायरलेस नुसता चालू अर्धा, जीपीएस आणि फिश फाइंडर मिळून एक, मोबाईल चार्जिंग एक, नांगराचा दिवा पाव. बेरीज सात अँपिअरच्या आसपास. दहा तासांत ७० अँपिअर-अवर. बॅटरीवर १३० लिहिलंय म्हणून १३० वापरता येत नाहीत. लीड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली वारंवार नेली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणजे हातात ६५, आणि खर्च ७०. झोपताना डेकचे दिवे बंद केले तर हाच खर्च निम्म्यावर येतो. नांगराचा दिवा मात्र चालूच ठेवायचा, तो बंद करून वाचवायचं असं काही नाही.

म्हणून एक बॅटरी फक्त इंजिनची आणि दुसरी "घरची". परदेशात लोक पलंग, शेगडी, फ्रीज असलेल्या गाड्या घेऊन फिरतात. त्यांच्या जुन्या गाड्यांतही हीच रचना असते, आणि घोटाळेही हेच होतात.

स्विच काय करतो

एकवर ठेवला की बोट पहिल्या बॅटरीवर चालते, दोनवर ठेवला की दुसऱ्या. बोथ म्हणजे दोन्ही एकमेकींना जोडल्या, जणू एकच मोठी बॅटरी. ऑफ म्हणजे सगळं बंद (सगळं असावं का, ते खाली).

घोटाळा बोथचा असतो. "दोन्ही असल्या तर जोर जास्त" म्हणून लोक स्विच कायम बोथवर ठेवतात. इंजिन चालू असताना ठीक आहे, दोन्ही चार्ज होतात. पण इंजिन बंद करून बोथवरच राहिला, तर दिवे दोन्ही बॅटऱ्या मिळून खातात. सकाळी राखीव असं काही उरत नाही. शिवाय एक बॅटरी खराब असेल तर चांगलीचा करंट तिच्यात वाहत राहतो.

साध्या हाती स्विचची पद्धत अशी: इंजिन एकवर सुरू करा. सुरू झालं की बोथवर. इंजिन बंद केलं की दोनवर. गोल स्विचवर बहुतेक १, बोथ, २ असा क्रम असतो, त्यामुळे ऑफवरून जावं लागत नाही. इंजिन चालू असताना ऑफवरून कधीच फिरवायचं नाही. डायनॅमोचा करंट जायला अचानक जागा राहिली नाही की व्होल्टेज उसळतं आणि त्याचे डायोड जळतात. पोरांना स्विचशी खेळू देऊ नका म्हणतो ते याचसाठी.

पण तुमच्या बोटीवर फक्त स्विच आहे का?

खरा अभ्यास इथे आहे. जुन्या बोटीवर मधे काय काय बसवलंय ते बाहेरून दिसत नाही. तीन-चारशे रुपयांचा मल्टीमीटर घ्या आणि पुढचं करून बघा.

बोट रात्रभर बंद ठेवा. सकाळी दोन्ही बॅटऱ्यांच्या थेट टर्मिनलवर व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. पॅनलवरच्या काट्यावर जाऊ नका, वायर गंजलेली असली की तो कमी दाखवतो. आराम केलेली बॅटरी १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे धोक्यात. इंजिन बंद केल्या केल्या मोजलं तर १३ दिसेल, तो वरवरचा चार्ज असतो. त्यावर खूश होऊन झोपणारे बरेच असतात.

आता स्विच एकवर ठेवून इंजिन सुरू करा, थोडा रेस द्या. पहिली बॅटरी १३.८ ते १४.४ दाखवायला हवी. इतकं येत नसेल तर आधी डायनॅमोचा पट्टा बघा. मग दुसरी मोजा. सकाळचाच आकडा असेल, तर तुमच्याकडे नुसता हाती स्विच आहे. बोथवर फिरवल्याशिवाय दुसरी चार्ज होणार नाही. थोड्या वेळाने दुसरीवरही तेवढाच आकडा आला, तर मधे रिले आहे. इंजिन चालू झालं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, बंद झालं की सोडतो. काही रिले डायनॅमोच्या वायरीवरून इशारा घेतात. काही नुसतं व्होल्टेज बघतात, साधारण १३.३ च्या वर जोडतात आणि १२.८ च्या खाली सोडतात.

तिसरा प्रकार, डायनॅमोच्या पोस्टवर १४.२ आणि दोन्ही बॅटऱ्यांवर साडेतेराच. असं असेल तर मधे डायोडचा जुना आयसोलेटर असू शकतो, पंखे असलेली ॲल्युमिनियमची पेटी. तो पाऊण व्होल्टपर्यंत खातो आणि बॅटऱ्या कायम अर्धपोटी राहतात. माझं मत विचाराल तर अशी पेटी काढून व्होल्टेजवाला रिले बसवावा.

शेवटची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, आमची बोट तिच्यात नापास झाली. इंजिन बंद करा, स्विच दोनवर ठेवा, डेकचे सगळे दिवे लावा. अर्धा-पाऊण तास थांबा आणि पहिली बॅटरी मोजा. ती स्थिर राहिली पाहिजे. दुसरीबरोबर तीही खाली येत असेल, तर दोन्ही कुठेतरी आतून जोडलेल्या आहेत, स्विच काहीही दाखवो.

आमच्याकडे नेमकं हेच होतं. कधीतरी रिलेचे कॉन्टॅक्ट जळले होते. दुसरी बॅटरी चार्ज होईना म्हणून कुणीतरी रिलेच्या दोन बोल्टांमध्ये जाड वायर टाकून दिली. चार्जिंग सुरू झालं, काम झालं. पण त्या दिवसापासून बोट कायम बोथवर होती आणि वरचा स्विच नुसता शोभेचा. आधीच्या मालकाला माहीत होतं की नव्हतं, देव जाणे.

२४ व्होल्टवाल्यांसाठी

मोठ्या ट्रॉलरवर दोन १२ च्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ करतात. वायरलेस आणि जीपीएस १२ चे, म्हणून एकाच बॅटरीवरून १२ ची वायर काढलेली मी अनेक ठिकाणी बघितली आहे. हे करू नका. ती एक बॅटरी रोज जास्त उतरते, डायनॅमो मात्र दोघींना मिळून २८ देतो. मग खालची अर्धवट भरते आणि वरची जास्त चार्ज होऊन पाणी उकळते. दोन्ही वर्षभरात गेल्या की आपण बॅटरीवाल्याला शिव्या देतो. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवा आणि १२ चं सगळं त्याच्यावर घ्या.

ऑफच्या मागे काय नसावं

पाणी उपसायचा ऑटोमॅटिक पंप. जेटीवर बोट बांधून आपण शहाणपणाने स्विच ऑफ करतो आणि घरी जातो. पंप त्या स्विचच्या मागे असेल तर तोही बंद. रात्री पाऊस झाला किंवा शाफ्टच्या ग्लँडमधून पाणी येत राहिलं, तर सकाळी बोट बसलेली सापडते. पंपाची वायर स्विचला वळसा घालून थेट बॅटरीवर घ्या, पण फ्यूज लावून, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज पंपाजवळ लावला तर मधली वायर कुठे घासून शॉर्ट झाली तरी तो उडणार नाही. आग लागते ती अशीच.

वायर टिनच्या मुलाम्याची मिळाली तर घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडतं, वरून काही कळत नाही. बॅटऱ्या पट्ट्याने घट्ट बांधा. खारं पाणी बॅटरीच्या ॲसिडमध्ये गेलं तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद इंजिन रूममध्ये तो जिवावर बेततो. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तेव्हा तिथे विडी नको आणि झाकण उघडं ठेवा. काही जण घरची बॅटरी म्हणून इन्व्हर्टरची ट्यूब्युलर लावतात. दिव्यांना ती चांगली चालते. पण सेल्फला लागणारा झटका ती तितका देत नाही, म्हणून तिच्या भरवशावर इंजिन सुरू करायचा बेत ठेवू नका.

बंदीत बोट वर घेतली की आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. बॅटऱ्या घरी न्या, पूर्ण चार्ज करा आणि महिन्याने परत चार्ज करा. उतरलेली बॅटरी तशीच दोन महिने पडली तर प्लेटवर सल्फेट जमतं आणि ऑगस्टमध्ये ती कितीही चार्जिंगला लावली तरी धरत नाही. प्लेट उघड्या पडल्या असतील तर बुडतील एवढंच डिस्टिल्ड पाणी घाला, बाकीचं चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत. नळाचं नको, विहिरीचं तर नकोच.

आमच्या बोटीवर आता केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला पुठ्ठा लावलाय, मार्करने लिहिलेला: "सुरू करताना १. इंजिन बंद, २. सुरू होत नसेल तरच बोथ. इंजिन चालू असताना ऑफ नाही." नवा रिले बसवल्यापासून चार्जिंगसाठी बोथवर जावं लागत नाही, म्हणून ते लिहिलेलं नाही. तुमच्याकडे नुसता हाती स्विच असेल तर "इंजिन चालू, बोथ" ही ओळही घाला. खाली वायरींचं चित्र आहे, कोणती कुठून कुठे जाते ते. नवा खलाशी आला की तांडेल त्याला आधी तिथे उभा करतो आणि वाचून घेतो.