दारू सोडायला दारू पिणाऱ्यांचीच सोबत कशी?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला डॉक्टरांनी औषधांबरोबर ए.ए.च्या मीटिंगला जायला सांगितले आहे. चौकशी केली तर कळले की तिथे डॉक्टर नसतात, समुपदेशक नसतात, सगळे दारूवालेच. त्यात मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये. संगतीने बिघडलेला माणूस तसल्याच संगतीत कसा सुधारणार? आणि बोभाटा झाला तर?
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. पण संगत तीच असली तरी तिथली बैठक वेगळी असते. तिथे जमणाऱ्यांपैकी कुणी दारू सोडलेली असते, कुणी सोडू पाहत असतो. त्यांचा एकमेकांना उपयोग का होतो, हे ए.ए.च्या म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या जन्मकथेतूनच कळते.

बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला माणूस. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. या काळात त्याने अनेक पिणाऱ्यांना समजावले, पण एकही सुधारला नाही. बायकोने मात्र एक गोष्ट त्याच्या लक्षात आणून दिली : या खटाटोपात तो स्वतः कोरडा राहिला होता. मे १९३५ मध्ये तो कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी गेला आणि ते काम फिसकटले. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने फोन उचलला आणि गावातल्या पाद्र्यांकडे चौकशी सुरू केली : बोलायला एखादा पिणारा माणूस मिळेल का? त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची गाठ पडली. ‘पंधरा मिनिटेच थांबेन’ अशा बोलीवर आलेले डॉक्टर रात्री अकरानंतर उठले. बिलने त्यांना उपदेश केला नाही, फक्त स्वतःचे सांगितले. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी. ए.ए.चा स्थापनादिन तोच मानतात. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याइतकीच गरज असते, हे तिथे उमगले आणि मीटिंग आजही त्यावरच चालते.

घरच्यांनी कितीही कळवळून सांगितले तरी पिणारा लपवालपवी करतो, कारण समोर आरोप आहे असे त्याला वाटते. मीटिंगमध्ये मात्र कुणीतरी सहज सांगून जातो की तो क्वार्टर फ्लशच्या टाकीत ठेवायचा, बडीशेप चघळत घरात शिरायचा आणि मुलीच्या फीचे पैसे गुत्त्यावर द्यायचा. ऐकणाऱ्याला हे सगळे ओळखीचे असते. आपली थाप इथे चालणार नाही हे त्याला कळते आणि आपल्याला इथे हिणवणारही कुणी नाही, हेही कळते. मग तो स्वतः बोलू लागतो. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. दारू पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिकडे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचे किंवा सरस ठरले.

आता चर्चचे. संध्याकाळी रिकामी आणि परवडणाऱ्या भाड्यात मिळणारी जागा म्हणून चर्चचा हॉल घेतात, शाळेची खोलीही घेतात. ए.ए.ची मुळे ख्रिस्ती चळवळीत आहेत आणि ‘बारा पायऱ्यां’मध्ये ईश्वराचा उल्लेखही येतो, पण तो ज्याला जसा उमगेल तसा. धर्म कुणी विचारत नाही. फीही नसते. भाड्या-चहासाठी सभासद आपसात वर्गणी काढतात आणि बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. सभासद व्हायला एकच अट आहे : दारू थांबवण्याची इच्छा.

बोभाट्याचे म्हणाल तर पूर्ण नाव सांगावे लागत नाही, आणि इथे ऐकलेले इथेच ठेवायचे हा संकेत असतो. बोलण्याचीही सक्ती नसते, पहिले काही दिवस नुसते ऐकले तरी चालते. तरीही गावात कुणी ओळखेल अशी भीती असेल, तर शेजारच्या शहरातली किंवा ऑनलाइन मीटिंग निवडावी.

मीटिंगचा पत्ता ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावर, व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकाकडे किंवा १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर विचारता येतो. निघण्यापूर्वी फोन करून वार, वेळ आणि भाषा विचारून घ्या, कारण जागा बदलतात. ‘ओपन’ मीटिंगला तुम्हीही बरोबर जाऊ शकता. ‘क्लोज्ड’ मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी असते. एका गटात मन रमले नाही तर दुसरा पाहावा, प्रत्येक गटाचा सूर निराळा असतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकते. त्यामुळे डॉक्टरांचे औषध त्यांना न विचारता थांबवू नका. मीटिंग औषधाची जागा घेत नाही.

आणि भाऊ ‘येत नाही’ म्हणाला तर? जबरदस्तीने बसवून फारसे काही साधत नाही. पण तुम्हाला थांबायचे कारण नाही. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन नावाचे स्वतंत्र गट आहेत. बिलची पत्नी लोइस हिने १९५१ मध्ये त्यांची उभारणी केली. घरातला माणूस अजून पीत असला तरी तिथे जाता येते. त्याच्या बाटल्या शोधत आणि त्याच्यासाठी ऑफिसात खोटी कारणे सांगत जगणाऱ्या बहिणी, बायका, आया तिथे तुम्हाला भेटतील.