पियानोचे सॉफ्टवेअर करणाऱ्या चिरंजीवास काकांचे पत्र



पियानो सुरात लावण्याचे सॉफ्टवेअर तयार करण्याच्या नादात चिरंजीवाने ट्यूनरच्या हाताखालची उमेदवारी सोडली, आणि आकडा जुळला की कानाचे काम संपते असे तो म्हणू लागला आहे, ही मडगावहून आलेली वार्ता काकांच्या जिवाला घोर लावणारी आहे. ज्या घरात तंबोरा जुळल्याखेरीज आजोबांनी कोणास गाऊ दिले नाही, त्या घरातल्या मुलाने असे बोलावे, याचे दुःख विशेष आहे.

या कामातील गणित सोपे भासते, आणि तेथेच फसगत होते. मधल्या सप्तकातील ‘ए’ या स्वराची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने, 440 हर्ट्झ धरून प्रत्येक अर्धस्वराला 1.05946 ने गुणत-भागत गेल्यास 88 पट्ट्यांचा तक्ता सिद्ध होतो. परंतु पोलादी तारेच्या ताठरपणामुळे मूळ स्वरासोबत उमटणारे अंशस्वर नेमक्या दुपटी-तिपटीत न राहता किंचित चढे निघतात, म्हणून जाणता ट्यूनर खर्ज थोडा उतरता व वरचा शेवट थोडा चढा ठेवतो, आणि हे प्रमाण वाद्यागणिक बदलते. जर्मनीतील व्युर्त्सबुर्क विद्यापीठात ध्वनीच्या वर्णपटाची एन्ट्रॉपी, म्हणजे त्यातील विस्कळीतपणाचे माप, किमान करून हे प्रमाण शोधणारे सॉफ्टवेअर झाले, त्याच्याही मुळाशी कानाला काय गोड लागते हाच प्रश्न होता. मग चिरंजीवाने कानाकडे पाठ का फिरवावी?

मधल्या ‘ए’च्या खालच्या सप्तकातील ‘एफ’ आणि ‘ए’ एकत्र वाजविले असता सेकंदाला जवळजवळ 7 विस्पंद, म्हणजे आवाजाचे लहरते चढउतार, ऐकू येतात, आणि ते ओळखण्याची सवय गुरूजवळ बसूनच लागते. एकाच स्वराच्या तीन तारांपैकी दोन फेल्टने दाबून तिसरी लावताना खुंटी किती पुढे नेऊन किती मागे आणावी, म्हणजे पट्टी जोराने वाजविली तरी तार सरकणार नाही, हे मनगटाला कळावे लागते. पडद्यावरचा काटा ते शिकवीत नाही.

आजोबांजवळ बसून तंबोरा लावायला शिकण्याची काकांची इच्छा नोकरीच्या धावपळीत राहून गेली, आणि आजोबा गेल्यावर ते दार कायमचे बंद झाले. चिरंजीवाचे गुरूही आता थकले आहेत, म्हणून हा घोर पुन्हापुन्हा दाटून येतो.

या पत्रातील शब्द कठोर झाले असतील, तरी सॉफ्टवेअर सोडावे असा त्यांचा अर्थ नाही. उलट, ज्याच्या हाताला तार ठाऊक आहे त्याच्याकडूनच ते उत्तम होईल, आणि चिरंजीवाच्या बुद्धीविषयी घरात कोणालाही कधी शंका नव्हती. त्याने रविवारपुरते तरी गुरूंकडे जावे, जागरणे करून प्रकृती बिघडवू नये, पैशाची अडचण असल्यास संकोच न करता कळवावे. आणि हे काम साधो वा न साधो, काका-काकूंना तो जितका प्रिय आहे तितकाच राहील, याची खात्री बाळगावी.