दाणा आणि कडबा

ज्वारीची मळणी झाली, की दाणा घरात येतो आणि कडबा गंजीला लागतो. दाण्याची भाकरी खाऊन शेतकरी नांगर धरतो. कडबा खाऊन बैल तो नांगर ओढतो. परंतु दुष्काळात घरातला दाणा संपला, तर दारात कडब्याची गंजी उभी असूनही माणसाला उपाशी राहावे लागते. असे का व्हावे?

मुलांनो, ह्याचे उत्तर ऐकून तुम्हांला नवल वाटेल. दाण्यातील पिष्ट आणि कडब्यातील सेल्युलोज हे दोन्ही पदार्थ एकाच साखरेचे बनलेले आहेत. ती साखर म्हणजे द्राक्षशर्करा. हिलाच ग्लुकोज म्हणतात. तिच्या एका रेणूत कर्बाचे ६, हायड्रोजनचे १२ आणि प्राणवायूचे ६ अणू असतात. पाण्यातही हायड्रोजनचे अणू प्राणवायूच्या अणूंच्या दुप्पट असतात. म्हणून अशा पदार्थांस कर्ब आणि उदक ह्या शब्दांवरून 'कर्बोदके' हे नाव मिळाले.

हिरवे पान सूर्यप्रकाशात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून ही साखर तयार करते. वनस्पती तिचा काही भाग पिष्टाच्या रूपाने दाण्यात साठविते, तर काही भागाचे सेल्युलोज करून त्याने आपल्या पेशींच्या भिंती बांधते. इ. स. १८११ मध्ये किर्खॉफ ह्या शास्त्रज्ञाने सौम्य आम्लात पिष्ट उकळून त्याची साखर केली. १८३८ मध्ये पायेन ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने लाकडातून सेल्युलोज वेगळे काढले.

साखर एकच, मग भेद कशात? तो आहे जोडणीत. पिष्टात ग्लुकोजच्या कड्या एकाच बाजूने जोडलेल्या असतात. त्यामुळे त्यांच्या लांब साखळ्या स्प्रिंगप्रमाणे वेटोळ्या होतात. सेल्युलोजमध्ये एक कडी सुलट, तर पुढची उलट असते. अशा साखळ्या सरळ राहतात आणि एकमेकींना घट्ट बिलगून दोरखंडासारख्या बळकट होतात.

हा भेद डोळ्यांनी पाहता येतो. आयोडीनच्या पातळ द्रावणाचा एक थेंब भाकरीच्या तुकड्यावर टाका. आयोडीन पिष्टाच्या वेटोळ्यांत शिरते आणि तुकडा निळा-काळा होतो. तोच थेंब कापसावर टाका. कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोजच. त्यावर फक्त पिवळसर डाग पडतो. आयोडीन लागलेला तुकडा मात्र कोणी खाऊ नये.

आता भाताची पातळ, कोमट पेज दोन परीक्षानळ्यांत घ्या. एकीत थोडी लाळ मिसळा. काही वेळाने दोन्हींत आयोडीन टाकले, तर लाळ नसलेली पेज निळी होते. लाळेची पेज पुरेसा वेळ ठेवली असेल, तर निळी होत नाही. तिच्यातील पिष्टाची साखर झालेली असते. ही साखर ओळखण्यासाठी, आयोडीन न टाकलेल्या लाळेच्या पेजेत बेनेडिक्टचे निळे द्रावण घालून शिक्षकांच्या देखरेखीखाली ती तापवावी. रंग हिरवा, पिवळा आणि शेवटी विटकरी होत जातो. भाकरीचा घास सावकाश चावला असता गोड का लागतो, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

पिष्टाची जोडणी सोडविणारी पाचकद्रव्ये आपल्या लाळेत व आतड्यांत असतात. सेल्युलोजची उलटसुलट जोडणी मात्र त्यांना सोडविता येत नाही. म्हणून कडबा आपल्या पोटात गेला, तरी त्याचे अन्न होत नाही. बैलालाही हे काम स्वतः जमत नाही. परंतु त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. ते सेल्युलोज फोडतात. त्यापासून निर्माण झालेली आम्ले बैलाच्या रक्तात मिसळून त्याला बळ देतात. रवंथ करून बैल वैरण बारीक करतो व त्यांचे काम सोपे करतो.

शेतात एकच ताट उगवते. त्यातील साखर सर्वत्र एकच. परंतु तिच्या जोडणीच्या दोन रीतींमुळे माणूस आणि बैल त्याच एका ताटावर जगतात.