धाग्याने चेहरा उचलण्याआधी

मागच्या महिन्यात महिलांची बैठक संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. वय सत्तेचाळीस, कपड्यांच्या दुकानात काउंटरवर काम. म्हणाल्या, "मालक बोलतो, आता तरुण मुली ठेवायच्या. पार्लरवाली म्हणते, धागे टाकून चेहरा वर उचलून देते. बचत गटातून कर्ज काढू का?" मला हसू आलं नाही. हा नटण्याचा प्रश्न नव्हता, पोटाचा होता.

तर हा धागा काय असतो? पॉलिडायॉक्सॅनोन हे त्याच्या पदार्थाचं नाव, बोलताना पीडीओ म्हणतात. ऑपरेशनमध्ये आतल्या टाक्यांना वापरतात तोच, आपोआप विरघळणारा. थिएटरमध्ये मी तो डॉक्टरांच्या हातात कितीतरी वेळा दिलाय. चेहऱ्याच्या धाग्याला बारीक काटे असतात. जागा बधिर करून कानशिलाजवळून पोकळ सुईने तो गालाच्या कातडीखाली सरकवतात. काटे आत रुततात, धागा ताणला की गाल वर येतो. काही महिन्यांत धागा विरघळतो. परिणाम साधारण वर्षभर टिकतो, पुष्कळदा त्याहून कमी. म्हणजे कर्जाचे हप्ते चालू आणि गाल पुन्हा खाली, असंही होऊ शकतं. कातडी फार लोंबली असेल तर धाग्याने विशेष फरक पडत नाही.

थोडी सूज, काळंनिळं होणं हे ठरलेलंच. पण गालाला खळगा पडणं, धाग्याचं टोक बाहेर येणं, पू होणं, क्वचित नसेला इजा होणं, हेही घडतं.

दुसरा प्रकार फिलरचा. यात जेल भरतात, आणि मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी मरते, डोळ्याच्या वाहिनीपर्यंत पोहोचलं तर दृष्टी जाते. सुई टोचल्यावर कातडी पांढरी पडली, जोराची कळ आली किंवा दिसायला कमी झालं तर "उद्या बघू" म्हणायचं नाही, त्याच मिनिटाला उपचार हवेत. हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल असेल तर ते विरघळवणारं इंजेक्शन असतं. ते पार्लरमध्ये कुठून असणार? बोटॉक्सने सुरकुती सैल होते, तीही तीन-चार महिने. लोंबलेली कातडी त्याने वर येत नाही. हायफू मशीन ध्वनिलहरींनी आत उष्णता देतं, सुई नसते, पण अडाणी हातात तेही भाजतं.

सुई आणि धागा हे डॉक्टरचं काम आहे, सहा दिवसांच्या कोर्सचं नाही. मी स्वतः नर्स, हजारो इंजेक्शनं दिली, तरी कुणाच्या चेहऱ्यात धागा घालणार नाही. करायचंच असेल तर त्वचारोग तज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा, पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा, पक्कं बिल घ्या. साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, काहीही लपवू नका. हृदयाची गोळी मनानेच बंदही करू नका.

त्या ताईंना मी तोंड उघडायला सांगितलं. दोन्ही बाजूंच्या दाढा नव्हत्या. गाल आत बसले होते ते म्हणून! लहानपणापासून मिश्री, हिरड्या खाली सरकलेल्या. दाढा गेल्या की जबड्याचं हाड झिजतं आणि वरच्या कातडीचा आधार जातो. धागा ओढून तो आधार परत येत नाही. कवळीने बराचसा येतो, वर जेवण चावता येतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, मुंबईत नायरचंही आहे. खासगीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत काम होतं, फेऱ्या मात्र माराव्या लागतात. तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल किंवा तोंड कमी उघडत असेल तर तेही तिथेच दाखवा, कवळीच्या आधी. ताईंनी केसपेपर काढलाय. मिश्री अजून सुटलेली नाही, रोज भांडण चालू आहे आमचं.

आणि एक. वयाने चेहरा ओघळतो तो दोन्हीकडून, वर्षानुवर्षं. एका बाजूनेच अचानक तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं जड झालं तर तो लकवा असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. तेव्हा तेल चोळत बसू नका, १०८ ला फोन लावा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.