सक्तीचा मोटार विमा : कोणासाठी आणि कशासाठी?

मोटार विम्याची सक्ती म्हणजे वाहनधारकावर बसविलेला एक जादा करच होय, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वाहन स्वतःचे, नुकसानही स्वतःचे. मग सक्ती कशासाठी, असा प्रश्न केला जातो. या प्रश्नाच्या मुळाशीच गैरसमज आहे. स्वतःच्या मोटारीची मोडतोड किंवा चोरी यांसाठी विमा उतरविणे ऐच्छिक आहे. कायद्याने सक्तीचा केला आहे तो त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा.

ब्रिटनने १९३० च्या कायद्याने ही सक्ती केली. भारतात मोटार वाहन कायदा १९३९ मध्ये संमत झाला. त्यातील विमाविषयक प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. आज १९८८ च्या कायद्यातील कलम १४६ नुसार असा विमा नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही अथवा दुसऱ्यास वापरू देता येत नाही. काही शासकीय वाहनांना यातून सूट आहे.

या तरतुदीचे महत्त्व एका उदाहरणावरून ध्यानी येईल. आठवडे बाजाराहून सायकलने परतणारा एखादा शेतमजूर जीपची धडक बसून मरण पावला आणि दोष जीपचालकाचा ठरला, तर त्याचे कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकते. जीपचा विमा असेल, तर न्यायाधिकरणाने ठरविलेली भरपाई सामान्यतः विमा कंपनी देते. विमा नसेल, तर चालक व मालक यांच्यावरच भार पडतो. ही रक्कम जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. परंतु मालकापाशी काहीच नसेल, तर त्या विधवेच्या हाती निवाड्याचा कागद तेवढा उरतो.

आपण जपून वाहन चालवितो, मग हप्ता का भरावा, असाही आक्षेप घेतला जातो. तथापि, क्षणाची नजरचूकही अपघातास पुरेशी होते. आणि आपल्याला धडक देणारा सधन असावा की निर्धन, हे पादचाऱ्याला निवडता येत नाही. न्यूझीलंडमध्ये असा विमा सक्तीचा नाही, हे खरे; परंतु तेथे १९७४ पासून अपघातातील शारीरिक इजेची भरपाई एका सार्वजनिक योजनेतून मिळते. भारतात इतकी व्यापक योजना नाही. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. घरचा कर्ता गेल्यावर एवढ्यावर संसार चालणे कठीण.

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन व नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम घ्यावा लागतो. खरी हयगय होते ती ही मुदत संपल्यानंतर. विम्याविना वाहन वापरल्यास प्रथम अपराधासाठी दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु केवळ दंडाच्या धाकाने सक्तीचा हेतू साधणार नाही. विम्याचे वेळेवर नूतनीकरण म्हणजे रस्त्यावरील अनोळखी माणसाप्रती असलेले कर्तव्य होय, ही जाणीव प्रत्येक वाहनधारकाच्या ठायी रुजली पाहिजे.