घोडा बांधण्याआधी चालवावा

लेकरा, तू लातुरात स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतलीस, २०१७ सालची, हे मला तुझ्या आईकडून कळलं. तू सांगितलं नाहीस, कारण आत्या बोलेल ही भीती. बोलणार तर आहेच, पण रागावून नाही. नांदेड-लातूर रस्त्यावर मीही एके काळी अशीच एक टर्बोची गाडी पळवली आणि तिच्यापायी हातातली एक पाटली मोडली. कुठली गाडी ते विचारू नकोस. निम्म्या चुका माझ्याच होत्या.

२३० घोड्यांची ताकद दारात आलीच आहे, तर घोड्याचंच ऐक. तुझ्या आजोबांनी माळेगावच्या जत्रेतून एक घोडा आणला होता. ते म्हणायचे, साधं जनावर लाथ मारून दुखणं सांगतं, खानदानी जनावर नुसता चारा सोडतं. तुझी गाडी दुसऱ्या जातीची आहे. तेवढं ध्यानात ठेव आणि खालचं वाचून काढ.

१. सकाळी चालू केल्याकेल्या दामटू नकोस, काटा मध्यावर आल्यावरही पाच मिनिटं दमानं घे — काटा पाण्याचा असतो, तेल त्याच्या मागून तापतं.

२. लातूरहून जोरात आलास तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू ये आणि दारात मिनिटभर इंजिन चालू राहू दे — टर्बो धगधगत असतो, त्यातलं तेल थांबलं की तिथंच जळून काजळी धरतं. आजोबा पळवून आणलेला घोडा अंगणात चार फेऱ्या चालवल्याशिवाय कधी बांधत नसत.

३. दर पंधरवड्याला सपाट जागी डिपस्टिक बघ — टर्बोची पेट्रोल गाडी थोडंफार तेल पितेच, आणि लाल दिव्याची वाट बघणारा दिव्यासोबत इंजिनही घालवतो. तो दिवा लागलाच तर ‘पुढच्या चौकात बघू’ नको, जागेवर बंद कर.

४. तेल पुस्तिकेत छापलेल्या आकड्याचंच घे, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२ ०० हा शिक्का शोध — ‘सगळी तेलं सारखीच’ म्हणणाऱ्याकडे बहुतेक वेळा सायकल असते.

५. कंपनी १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष म्हणते, तू आठ हजारांवरच तेल बदल — पुस्तिका लिहिणाऱ्यानं आपला मे महिना आणि सोयाबीन काढणीची धूळ एकत्र पाहिलेली नाही. त्याच फेरीत एअर फिल्टरही झाडून बघ.

६. तुझ्या गाडीत सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. त्याचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं, ते आधीच्या मालकानं केलं का याचं बिल माग — तोंडी हिशेबाला ओडोमीटर नसतं. बिल नसेल तर झालंच नाही असं समज.

७. तुझ्या एखाद्या मित्राची डीएसजी गाडी सात गिअरची, कोरड्या क्लचची असेल तर त्याला चॅसी नंबर देऊन जुनं रिकॉल झालंय का ते विचारायला लाव — २०१३ साली फोक्सवॅगननं जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरायचं ठरवलं, कारण उष्ण-दमट हवेत आतल्या विजेच्या भागात बिघाड होऊ शकत होता.

८. गंजगोलाईच्या गर्दीत बोटभर-बोटभर सरकू नकोस; पुढं गाडीभर जागा होऊ दे, मग ब्रेक सोड — अर्धवट धरलेला क्लच घसरत राहतो आणि तापतो. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. त्याचं बोट दुखेल, तुझा क्लच नाही.

९. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीही ओतू नकोस, कंपनीचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच — आपलं पाणी जड, आत क्षार धरतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हाही कुणी ते रेडिएटरसाठी मागितलं नव्हतं.

१०. कूलंटच्या डबीवर पेननं रेघ मार आणि दर रविवारी थंड इंजिनावर बघ — या इंजिनात पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लॅस्टिकचं असतं, ते उन्हाळे खाऊन झिरपायला लागतं, आणि तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब खाली पोचण्याआधीच वाळतो. जमीन कोरडी दिसली म्हणून फसू नकोस, रेघ खोटं बोलत नाही.

११. तापलेल्या गाडीच्या कूलंटच्या डबीचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असो — माझ्या मनगटावरचा डाग तू लहानपणी ‘आत्या, हा नकाशा कुठला’ म्हणून विचारायचास, तो अहमदपूरच्या अलीकडचा आहे.

१२. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल मिळेल तिथं तेच भर, आणि गर्दीच्या पंपावर भर — कमी ऑक्टेनचं पेट्रोल टर्बोच्या दाबाला लवकर कुरकुरतं. शिवाय ज्या पंपावर रोज टँकर उतरतो तिथलं पेट्रोल शिळं नसतं.

१३. टाकी भरून गाडी दोन-दोन महिने झाकून ठेवू नकोस — आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. आठवड्यातून एकदा चाकूरपर्यंत तरी फिरवून आण; उभ्या गाडीला जेवण पचत नाही.

१४. इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागला तर आठवड्यात दाखव, पण लुकलुकायला लागला तर पाय काढ आणि बाजूला घे — लुकलुकणं म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी चुकतेय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतं.

१५. बिघाडाचा कोड वाचणारा एक छोटा स्कॅनर घेऊन डिकीत ठेव, आणि दिवा पुसण्याआधी कोडचा फोटो काढ — दिवा पुसणं म्हणजे रोग्याचा ताप मोजायचा सोडून थर्मामीटर झटकणं.

१६. एक इग्निशन कॉइल आणि प्लगचा एक जोड जवळ असू दे — कॉइल तळहाताएवढी, पण ती पुण्याहून किंवा हैदराबादहून येईपर्यंत तुझी २३० घोड्यांची गाडी तीन पायांवर लंगडते. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे म्हणून गाफील राहू नकोस, कारखाना खिडकीतून सुटे भाग विकत नाही.

१७. डाळमिलच्या किंवा आडत दुकानाच्या भिंतीला लावून रात्री गाडी उभी करू नकोस — तुरीला आलेला उंदीर गरम बॉनेटखाली झोपायला येतो आणि सकाळी वायर चावून जातो. दाण्याच्या गावात वायरही पीकच.

१८. टायरची हवा महिन्यातून दोनदा थंड असताना बघ — चपट्या टायरला गादी कमी, हवा उतरलेली असेल तर एका खड्ड्यात टायरला फुगा येतो आणि रिम वाकते. स्टेपनीत हवा आहे का हेही बघ. माझ्या स्टेपनीत एकदा फक्त आशा भरलेली होती.

१९. गावातल्या गतिरोधकावर भाव खाऊ नकोस, पहिल्या गिअरवर ओलांड — पोट खाली असलेल्या गाडीचं तेलाचं पात्र आधी घासतं, ओरखडा नंतर दिसतो.

२०. ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी बदल, आणि उसाच्या हंगामात रात्री वेग आवर — ते तेल ओलावा शोषतं आणि तापलं की ब्रेक मऊ पडतो. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली नेमकी त्याच रात्री पुढे असते.

२१. पावसाळ्यात आसना नदी फुगली किंवा रस्त्यावर गुडघाभर पाणी दिसलं तर मागं फिर. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नकोस — हवेच्या वाटेनं पाणी आत गेलेलं असतं, पाणी दबत नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घे, साध्या पॉलिसीत हा खर्च सहसा बसत नाही.

२२. वाटेत बंद पडलास तर दोर बांधून ट्रॅक्टरमागं ओढत आणू नकोस, पाठीवर घेणारी गाडी बोलाव — तुझ्या गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद आणि पुढची चाकं फिरती म्हणजे आत कोरडं घर्षण. महामार्गावर १०३३ हा नंबर पाठ असू दे.

२३. ‘चिप बदलू, तीनशे घोडे करू’ म्हणणाऱ्या पोराला चहा पाज आणि वाटेला लाव — दोनशे तीस सांभाळता आले नाहीत म्हणून तर माझी पाटली गेली.

२४. एकच कारागीर धर, आणि काही बिघडलेलं नसतानाही त्याच्याकडं जात जा — अडल्या वेळी आलेल्या गिऱ्हाइकाला बिल मिळतं, नेहमीच्याला सल्ला. प्रत्येक काम तारीख आणि किलोमीटरसह वहीत लिही, मोबाइलवर नको, मोबाइलही बिघडतात.

२५. महिन्याला ठराविक रक्कम गाडीच्या नावानं भिशीसारखी बाजूला टाक — गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. बापाची जुनी स्कूटर मात्र विकू नकोस. गाडी दवाखान्यात असताना दूध आणायला तीच येणार.

२६. गाडी दाखवायला कमी आणि बघायला जास्त बाहेर काढ — ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्याच औरंगाबादेत लोकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींचा सौदा, देशभर बातमी झाली. घेतल्याची बातमी होते लेकरा, सांभाळल्याची होत नाही.

२७. रविवारी पाच मिनिटं बॉनेट उघडून नुसता उभा राहा, हात मागं बांधून. आवाज ऐक, वास घे — जळक्या तेलाचा, गोडसर कूलंटचा, पेट्रोलचा वास वेगवेगळा असतो, आणि दिवा लागायच्या आधी नाकाला कळतं. आजोबा घोड्याजवळ असेच उभे राहायचे. मला वाटायचं रिकामे आहेत. ते तेव्हा त्याचा श्वास मोजत होते.

एवढं करूनही एखाद दिवशी ती रुसेल. तेव्हा ‘गाडीच खराब’ म्हणून विकायला काढू नकोस आणि ‘कितीही लागो’ म्हणून कर्जही काढू नकोस. भिशीत बसेल तेवढं दुरुस्त कर, बाकीला थांब. हट्टानं घेतलेली वस्तू धीरानंच टिकते.

पुढच्या रविवारी नांदेडला ये. जेवण तयार असेल, पण आधी तुझी डिपस्टिक बघेन, मग तुझं तोंड. वही सोबत आण. आणि जेवण झाल्यावर चावी इकडे दे, लोह्यापर्यंत मी चालवणार. काळजी करू नकोस. परत आल्यावर बांधण्याआधी चालवूनच आणीन.